तेलवाहिनीच्या तंत्रज्ञानाची तिसरी चाचणीही फसली : शेअर ठेवावेत की विकावेत?

विश्रामबागकर (सांगली) यांचा प्रश्न

मी २००९ ते २०१५ या काळात ह्यूस्टन येथे नोकरीस होतो आणि त्या वेळी उघडलेले ब्रोकरेज खाते भारतात परतल्यानंतरही चालू ठेवले आहे. त्या खात्यात एका छोट्या अमेरिकी कंपनीचे ५,००० शेअर आहेत. २०१४ साली ते सरासरी ३० सेंटने घेतले, म्हणजे दीड हजार डॉलर गुंतले. आज भाव ६ सेंटच्या आसपास आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला तिच्यावर आरोप करायचा नसून स्वतःची समजूत तपासायची आहे.

कंपनीचे उपकरण असे आहे : तेलवाहिनीला समांतर जोडलेल्या एका जाड टाकीतून कच्चे तेल जाते, आतील जाळ्यांमध्ये उच्च दाबाची वीज खेळवलेली असते आणि त्या विद्युतक्षेत्रामुळे तेल न तापवताही पातळ होते, असा दावा आहे. यामागचे विज्ञान पोकळ नाही. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली यावर निबंध प्रसिद्ध केला होता. तेलातील मेणाचे आणि डांबरी द्रव्याचे सूक्ष्म कण विद्युतक्षेत्रात एकमेकांना चिकटून प्रवाहाच्या दिशेने लहान लहान साखळ्या करतात आणि त्यामुळे वाहण्याला होणारा विरोध कमी होतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. मी हा निबंध वाचूनच शेअर घेतले होते.

त्यानंतर प्रत्यक्ष वाहिनीवर तीन चाचण्या झाल्या. पहिलीत वीजपुरवठा वारंवार ट्रिप झाला आणि काही तासांतच उपकरण बाजूला काढावे लागले. दुसरीत आतील इन्सुलेटर जळाला. तिसरी चार दिवस चालली, परंतु ‘प्रवाहाची परिस्थिती अनुकूल नव्हती’ एवढेच एक वाक्य निवेदनात आले आणि आकडे आलेच नाहीत. प्रत्येक निवेदनाच्या अखेरीस ‘या चाचणीतून मौलिक माहिती मिळाली’ असे असते. माझा प्रश्न असा की, तीन वेगवेगळ्या कारणांनी तीन वेळा अपयश येणे हे नव्या तंत्रज्ञानाचे नेहमीचे बाळंतपण समजावे की मुळातच काही तरी खोटे आहे असे समजावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ड्यूटीपॉइंट (पलूस) यांचे उत्तर

मी पंपांच्या धंद्यात एकतीस वर्षे काढली आणि त्यातील बरीचशी टेस्ट बेडवर, म्हणजे तयार पंप चालवून तपासण्याच्या जागी, गेली. किर्लोस्करवाडीचा परिसर गेली कित्येक दशके पंपांवरच जगत असल्यामुळे आमच्याकडे न्हाव्याच्या दुकानातही हेड (पाणी किती उंच चढते) आणि डिस्चार्ज (पाणी किती पडते) यांवर वाद होतात. तेलवाहिनीवर मी कधी काम केलेले नाही, हे आधीच सांगतो. तरीही वाहिनी आणि पंप यांचे गणित द्रव बदलला म्हणून बदलत नाही.

आपण तीन कारणे म्हणता. मला पहिल्या दोन चाचण्यांत एकच कारण दिसते. कच्च्या तेलात थोडे पाणी असतेच, आणि ते खारट असते. वाहिनीत तेल घेताना पाणी आणि गाळ मिळून साधारण अर्ध्या टक्क्याची मर्यादा पाळली जाते, पण विजेला वाट मिळायला अर्धा टक्काही पुरतो. विद्युतक्षेत्रात पाण्याचे थेंब एकमेकांकडे ओढले जातात, मोठे होतात आणि दोन जाळ्यांच्या मध्ये पूल बांधल्यासारखे रांगेत उभे राहतात. हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. कॉट्रेल या अमेरिकी शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याच गुणाचा उपयोग करून कॅलिफोर्नियातील तेलातून पाणी वेगळे करून दाखवले, आणि आजही रिफायनरीत तेल शिरले की प्रथम डिसॉल्टर नावाच्या टाकीत उच्च दाबाच्या विजेखालून जाते. मग वीजपुरवठा ट्रिप होणे आणि इन्सुलेटर जळणे हे दोन स्वतंत्र अपघात कसे? पहिल्या चाचणीत फ्यूज वाचला नाही, दुसऱ्या चाचणीत तो वाचवला म्हणून इन्सुलेटर गेला, असेही असू शकते. चाचणीच्या तेलात पाणी किती होते, हा आकडा कंपनीने दिला आहे का, ते आपण पाहावे. दिला नसेल तर ‘मौलिक माहिती’ कोणती मिळाली, हे मला तरी समजत नाही.

तिसरी चाचणी जास्त बोलकी आहे. तेल निम्मे पातळ झाले की पंपाचे वीजबिल निम्मे होईल, असा सामान्य वाचकाचा समज होतो आणि निवेदने तो समज मोडीत काढत नाहीत. आमच्याकडच्या दोन नळ्या पाहा. साखर कारखान्यात मळी उपसणारा पंप डिसेंबरच्या पहाटे सुरू करताना गेजचा काटा लाल रेषेकडे झुकतो, ऑपरेटर वाफेचा व्हॉल्व्ह अर्धा वळसा उघडतो आणि वाफेने मळी जराशी ऊबदार झाली की काटा डोळ्यांदेखत खाली येतो. मळी नळीतून संथ, थरांनी सरकते. अशा प्रवाहात दाब थेट घट्टपणाच्या प्रमाणात लागतो. घट्टपणा निम्मा झाला की दाब निम्मा होतो. आता टेंभू किंवा म्हैसाळ योजनेची मोठी नळी घ्या. तिच्यात पाणी खळखळत, भोवरे करत जाते, आणि अशा प्रवाहात घट्टपणाचा प्रभाव फार क्षीण असतो. गुळगुळीत नळीसाठी ब्लासियसचे जे सूत्र आहे त्यानुसार घर्षणाचा दाब घट्टपणाच्या पाव घाताने बदलतो, म्हणजे घट्टपणा ५० टक्के घटला तरी दाब घटतो सुमारे १६ टक्के. दाब तोच ठेवला तर प्रवाह वाढतो जेमतेम १० टक्के. शिवाय चढावर पाणी किंवा तेल उचलण्याला जी वीज लागते तिच्यात यामुळे एक युनिटही वाचत नाही. आमच्या उपसा योजनांत तर बहुतेक वीज त्या चढावरच जाते.

हलक्या कच्च्या तेलाच्या मोठ्या वाहिन्यांत प्रवाह बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो. त्यात १६ टक्के हा झाला वरचा आकडा, तोही पूर्ण लांबीवर परिणाम टिकला तर. विद्युतक्षेत्राचा परिणाम काही तासांनी ओसरतो, कारण साखळ्या पुन्हा मोडतात. तो दहा तास टिकला असे धरले आणि तेल सेकंदाला दीड मीटर वेगाने चालले असे धरले, तर ५४ किलोमीटरनंतर सर्व पूर्ववत. दरम्यान तेलाचे तापमान दोन-चार अंशांनी खालीवर झाले तरी घट्टपणा बदलतो, म्हणजे तापमानाची नोंद शेजारी नसेल तर उपकरणाचे श्रेय आणि दुपारच्या उन्हाचे श्रेय वेगळे करता येणार नाही. चार दिवसांच्या चाचणीत आकडे ‘अनिर्णायक’ येतात ते यामुळेच, असा माझा तर्क आहे.

टेस्ट बेडवर आमचा एक नियम होता. पंप सुरू करण्यापूर्वी कागदावर ड्यूटी पॉइंट लिहिलेला असे : इतके लिटर, इतके मीटर, इतके किलोवॅट, आणि किती टक्के कमी-जास्त चालेल तेही. ग्राहकाचा इन्स्पेक्टर समोर खुर्ची टाकून बसे. पंप नापास झाला तर इम्पेलर (पंपाच्या आतील फिरते चाक) काढून घासायचा, पुन्हा चढवायचा, पण कागदावरचा आकडा कोणी खोडत नसे. मी नापास झालेले पंप पुष्कळ पाहिले आहेत आणि त्यातील बहुतेक पुढे उत्तम चालले. म्हणून तीन वेळा नापास झाल्याचे मला काहीच वाटत नाही. चाचणीपूर्वी कंपनीने कोणता आकडा लिहून दिला होता, तो आपण शोधा.

कोयनाकाठ (कऱ्हाड) यांचे उत्तर

माझ्याकडेही याच प्रकारच्या एका कंपनीचे शेअर आहेत, तेव्हा माझे मत त्या चष्म्यातून वाचावे.

ड्यूटीपॉइंट काका, आपले गणित बरोबर असेल, पण ते हलक्या तेलाचे आहे. या तंत्रज्ञानाची खरी बाजारपेठ जड तेलाची आहे, जिथे प्रवाह आपल्या मळीसारखा संथ असतो आणि निम्म्याचे निम्मे खरोखर मिळते. कॅनडातील डांबरासारखे तेल वाहिनीतून नेण्यासाठी त्यात सुमारे ३० टक्के पातळ हायड्रोकार्बन मिसळावे लागते. म्हणजे वाहिनीची जवळजवळ तिसरा हिस्सा जागा भाडेकरूच अडवून बसतो. आपल्याच देशात राजस्थानच्या बाडमेरमधील मंगला क्षेत्राचे मेणचट तेल थंड झाले की थिजते, म्हणून तेथून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटरची वाहिनी सबंध लांबीभर विजेने तापवत ठेवावी लागते. असे खर्च जर दहा-पंधरा टक्क्यांनी जरी कमी झाले तरी ग्राहक रांग लावतील. मोठ्या कंपनीजवळ प्रयोगशाळा असते, ती चार भिंतींच्या आत दहा वेळा नापास होते आणि कोणाला कळतही नाही. छोट्या कंपनीला प्रत्येक ठेच जाहीर करावी लागते. तिला एवढ्यासाठी खोटी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

ड्यूटीपॉइंट (पलूस)

जड तेलाचा मुद्दा मान्य आहे आणि तो मी आधीच मांडायला हवा होता. मात्र त्यामुळे प्रश्न उलट अधिक टोकदार होतो. उपकरणाचा फायदा जड तेलात आहे हे कंपनीला ठाऊक असेल, तर चाचण्या जड तेलाच्या वाहिनीवरच व्हायला हव्या होत्या. ज्या वाहिनीवर जागा मिळाली तिथे उपकरण बसवायचे आणि नंतर ‘परिस्थिती अनुकूल नव्हती’ म्हणायचे, याला आमच्याकडे चाचणी म्हणत नसत. अमेरिकेत स्वतंत्र ठिकाणांची वानवा नव्हती. वायोमिंगमधील टीपॉट डोम क्षेत्रावर (हो, शंभर वर्षांपूर्वीच्या लाचखोरीच्या प्रकरणामुळे गाजलेले तेच) तेथील ऊर्जा खात्याचे चाचणी केंद्र, २०१५ च्या सुरुवातीला क्षेत्र विकले जाण्यापूर्वी, अनेक वर्षे चालू होते.

मंगलाचे उदाहरण मात्र मी वेगळ्या अर्थाने वाचतो. त्या तेलाचा शोध २००४ साली लागला, उत्पादन २००९ साली सुरू झाले, आणि तोवर वाहिनी तापवण्याचे, जुन्याच ठोकताळ्यांवर उभे असलेले तंत्र निवडून झाले होते. वाहिनीच्या मालकाला महाग पण हमखास उपाय चालतो. वाहिनी एक दिवस बंद राहिली तर जे नुकसान होते त्यापुढे वीजबिल किरकोळ असते. आणि खळखळत्या प्रवाहासाठी तर त्याच्याजवळ आधीच स्वस्त उपाय आहे. अलास्काच्या १,२८८ किलोमीटरच्या वाहिनीत १९७९ पासून लांबलचक रेणूंचे एक पॉलिमर घातले जाते. दहा लाख भागांत काही मोजके भाग घातले की भोवरे दबतात आणि घर्षण पुष्कळ कमी होते. पंपातून जाताना ते रेणू तुटतात, म्हणून प्रत्येक पंपिंग स्टेशननंतर पुन्हा घालावे लागते हे खरे, पण त्यासाठी एक टाकी, एक छोटा पंप आणि नळीला एक भोक पुरते. वाहिनी कापावी लागत नाही, उच्च दाबाची वीज तेलात न्यावी लागत नाही. नव्या उपकरणाची स्पर्धा कोऱ्या पाटीशी नसते, या भोकाशी असते.

अदालतवाडा (सातारा) यांचे उत्तर

मी सनदी लेखापाल आहे. तेलातले मला कळत नाही. कागदातले थोडे कळते.

विश्रामबागकर, तुम्ही भाव सांगितला, पण शेअरांची संख्या सांगितली नाही. अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या संकेतस्थळावर कंपनीचा वार्षिक अहवाल, ज्याला तिकडे टेन-के म्हणतात, कोणालाही फुकट वाचता येतो. त्यातील चार गोष्टी पाहा : २०१४ ला एकूण शेअर किती होते आणि आज किती आहेत, वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे नवे शेअर घेण्याचे हक्क) आणि शेअरमध्ये बदलता येणारी कर्जे किती आहेत, लेखापरीक्षकाने ‘कंपनी पुढे चालू राहण्याबाबत शंका आहे’ असा परिच्छेद लिहिला आहे का, आणि खर्चापैकी संशोधनावर किती गेला व पगार-सल्लागारांवर किती गेला. निवेदने त्यानंतर वाचा. ‘भविष्यविषयक विधाने’ असा जो लांब परिच्छेद निवेदनाखाली असतो त्याला १९९५ च्या कायद्याचे जे संरक्षण मोठ्या कंपन्यांना मिळते, ते पेनी स्टॉक काढणाऱ्या कंपन्यांना त्या कायद्यानेच नाकारले आहे. पाच डॉलरच्या खाली भाव असलेले आणि मान्यताप्राप्त बाजारात नोंद नसलेले शेअर साधारणतः या वर्गात पडतात. तो परिच्छेद पाहून दबून जाऊ नका.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दोन वाजेपर्यंत जागून अहवाल चाळले. घरात ‘एवढा अभ्यास घेण्यापूर्वी केला असता तर’ हे ऐकून घेतले.

शेअर २०१४ साली १८ कोटी होते, आज ३४ कोटी आहेत, आणि आणखी ६ कोटींची वॉरंट आहेत. लेखापरीक्षकांचा शंकेचा परिच्छेद प्रत्येक वर्षी आहे, शब्दही बहुतेक तेच आहेत. गेल्या वर्षी संशोधनावर एकूण खर्चाचा पाचवा हिस्सासुद्धा गेलेला नाही. तेलातील पाण्याचे प्रमाण तिन्ही चाचण्यांपैकी एकाही ठिकाणी दिलेले नाही. चाचणीपूर्वीचा आकडा मात्र सापडला, आणि तो सापडल्यावरच झोप उडाली : पहिल्या वेळी ‘घट्टपणात किमान ४० टक्के घट’ असे लिहिले होते, दुसऱ्या वेळी ‘लक्षणीय घट’, आणि तिसऱ्या वेळी ‘उपकरणाचे सुरक्षित व सलग कार्य’. म्हणजे तिसऱ्या चाचणीत उपकरण चार दिवस न जळता उभे राहिले, हेच यश ठरू शकले असते. ड्यूटीपॉइंट साहेब, आपल्या भाषेत सांगायचे तर आकडा खोडला गेला आहे.

अदालतवाडा (सातारा)

मग हिशेब सरळ आहे. तुम्ही घेतले तेव्हा बाजार या कंपनीला ५ कोटी ४० लाख डॉलर किमतीची मानत होता. आज ३४ कोटी शेअर गुणिले ६ सेंट, म्हणजे २ कोटी ४ लाख डॉलरची मानतो. कंपनीची किंमत सुमारे ६२ टक्के घटली, तुमचा भाव मात्र ८० टक्के घटला. मधला फरक नव्या शेअरांनी खाल्ला. उद्या चौथी चाचणी यशस्वी झाली आणि बाजाराने पुन्हा जुनी ५ कोटी ४० लाखांची किंमत लावली, तरी भाव १६ सेंटच्या पुढे जात नाही, आणि वॉरंटधारकांनी आपले शेअर घेतले तर साडेतेरा सेंट. त्या चौथ्या चाचणीसाठीही पैसा लागेल आणि तो पुन्हा शेअर छापूनच येईल. तंत्रज्ञान खरे ठरणे आणि तुमचे पैसे परत येणे या दोन गोष्टींमध्ये इतके अंतर पडलेले आहे. कऱ्हाडच्या मित्रांनी हे गणित आपल्याही कंपनीला लावून पाहावे.

कराचे थोडक्यात सांगतो. परदेशात राहत असताना घेतलेले शेअर परत आल्यावर ठेवण्यास परकीय चलन कायद्याची हरकत नाही. प्राप्तिकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दरवर्षी दाखवावे लागतात, भाव सहा सेंट असला तरी. चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यामुळे हा दीर्घ मुदतीचा तोटा ठरेल. तो केवळ दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातूनच वळता करता येतो, आणि विवरणपत्र मुदतीत भरले तर आठ वर्षे पुढे ओढता येतो. विकल्याशिवाय तोटा कागदावर येत नाही. त्यामुळे यंदा जमीन, म्युच्युअल फंड किंवा सोने यांवर दीर्घ मुदतीचा नफा झाला असेल तर ३१ मार्चपूर्वी विकण्यात काही अर्थ आहे. नसेल तर घाई नाही.

कोयनाकाठ (कऱ्हाड)

माझ्या कंपनीचे आकडे काढले. २२ कोटींचे ३१ कोटी झाले आहेत. पाण्याचे प्रमाण एका चाचणीत दिले आहे, ०.३ टक्के, आणि त्या चाचणीत वीजपुरवठा टिकला होता. यावर काका काय म्हणतील?

ड्यूटीपॉइंट (पलूस)

ज्या कंपनीने पाण्याचा आकडा स्वतःहून दिला तिच्याकडे मी जरा आदराने पाहीन. तेल कोणते होते, तापमान किती होते आणि दाबातील फरक किती अंतरावर मोजला, हेही असेल तर इथे टाका. रविवारी सवडीने बसून गणित करून पाहतो.

विश्रामबागकर (सांगली)

मागील वर्षी मिरजेजवळचा एक गुंठेवारी प्लॉट विकला होता, त्यावरचा दीर्घ मुदतीचा नफा याच आर्थिक वर्षात येतो आहे. तेव्हा ४,५०० शेअर आज विकतो आणि ५०० ठेवतो. भागधारक या नात्याने प्रश्न विचारण्याचा हक्क राहावा एवढ्यासाठी. कंपनीच्या गुंतवणूकदार कक्षाला पत्र पाठवले आहे. त्यात तेलातील पाणी, तापमानाची नोंद आणि चौथ्या चाचणीपूर्वी लिहून द्यावयाचा आकडा, एवढेच तीन प्रश्न आहेत. अमेरिकेचा बाजार हिवाळ्यात आपल्याकडे रात्री आठला उघडतो, सहा सेंटची मर्यादा घालून ऑर्डर तयार ठेवली आहे. पत्राचे उत्तर आले तर इथे जसेच्या तसे देईन.